दवंडी आणि नक्कल

एरवी चारचौघांत कुणी विचारणार नाही असा एक प्रश्न २०२३ च्या दसरा-दिवाळीत मराठवाड्यात विचारण्याजोगा झाला. आपल्या पणज्याला कधी पोलिसांनी धरलं होतं का? गंमत अशी, की उत्तर ‘हो’ यावं अशी पतवंडांची इच्छा होती.

कारण होतं कुणबी नोंदींचं. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीला झालेल्या उपोषणानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि जुन्या दप्तरांत ‘कुणबी’ हा शब्द कुठे कुठे सापडू शकतो याची लांबलचक यादी निघाली. खासरा पत्रक, गाव नमुना चौदा, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर ही नावं अपेक्षितच होती. पण त्या यादीत पोलीस आणि कारागृह ही दोन खातीही होती. अटक पंचनामे, गुन्ह्यांच्या नोंदवह्या, कच्च्या कैद्यांची रजिस्टरं. निजामाच्या अमलातल्या एखाद्या जमादाराने बांधाच्या भांडणात एखाद्याला धरलं असेल, उर्दूत त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात लिहिली असेल, तर तो कागद पाऊणशे वर्षांनी त्याच्या पतवंडाला कॉलेजात प्रवेश मिळवून देणार होता. त्यासाठी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून आणलं गेलं. घराण्याने ज्या गोष्टीवर पिढ्यान्‌पिढ्या पांघरूण घातलं, तीच आता दिवा लावून शोधायची वेळ आली.

बीड जिल्ह्याला हे नवं नाही. इथे अटकेच्या कागदाला त्याआधीही एकदा सोन्याचा भाव आला होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली तेव्हा तुरुंगवासाचा दाखला हा सगळ्यांत भक्कम पुरावा होता. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांच्यासाठी ‘भूमिगत’ असा वर्ग होता. दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी शपथेवर लिहून द्यायचं, की हा माणूस आमच्याबरोबर रानावनात होता. बीडमध्ये असे भूमिगत इतके वर आले, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००५ च्या निकालाचा दाखला वकील अजूनही ‘लबाडीने मिळवलेलं काही टिकत नाही’ हे सांगायला देतात. दाव्यांची छाननी न्यायमूर्ती पालकर आयोगाने केली. म्हणजे एका काळी या जिल्ह्यात माणसं ‘आम्हाला अटक झाली होती’ हे सिद्ध करायला धडपडत होती, आणि कागद सापडत नव्हता.

आज धडपड वेगळी आहे, ती अटक झालेल्याच्या घरच्यांची, आणि कागद आजही सहजासहजी सापडत नाही.

*

समजा, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरची बाई आहे. ऊसतोडीची टोळी निघायला चार दिवस उरलेत. उचल घेऊन झालीय, ट्रॅक्टर ठरलाय, पत्र्याची पेटी भरायला काढलीय. रात्री अकराला एक जीप येते आणि तिच्या थोरल्या मुलाला घेऊन जाते. साध्या कपड्यांतली माणसं. कुणी म्हणतं, केजची होती. कुणी म्हणतं, एलसीबीची. स्थानिक गुन्हे शाखेला जिल्ह्यात सगळे एलसीबीच म्हणतात. ती माणूस उचलते आणि ज्या ठाण्याचा गुन्हा असेल त्याच्या हवाली करते. त्यामुळे नेलं कुणी आणि ठेवलं कुठे, ही दोन वेगळी उत्तरं असू शकतात.

सकाळपर्यंत वस्तीला सगळं ठाऊक असतं. पकडताना कुणीतरी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत तीन ग्रुपांवर फिरून आलेली असते. गुन्हा काय, कुणी नाव सांगितलं, मागे कोण आहे, कुणाची जात काय, याच्या चर्चा हॉटेलात झडत असतात. फक्त त्या बाईला हवी ती एकच गोष्ट कुणाकडे नसते. तिचा मुलगा या क्षणी कोणत्या भिंतीआड आहे आणि तिथल्या वहीत त्याचं नाव लिहिलंय का?

कायद्याने ही माहिती तिच्या घरी चालत यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात अटकेचे अकरा दंडक घालून दिले. धरणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी, जागेवर अटकेचा मेमो, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही, अटकेची खबर जवळच्या माणसाला आणि त्या खबरीची ठाण्याच्या डायरीत नोंद. पुढे हे सगळं कायद्यातच आलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मेमो कलम ३६ मध्ये आहे, नातलगाला कळवणं कलम ४८ मध्ये. या दोघांच्या मध्ये कलम ३७ बसलंय, आणि या लेखाचं खरं बीज तेच आहे. प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असावा, प्रत्येक ठाण्यात एक ठरलेला अधिकारी असावा, आणि अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावलेलं असावं, संगणकाच्या पडद्यावरसुद्धा. फलकाची ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम ४१-क म्हणून नोव्हेंबर २०१० पासून होतीच. वाचकाने आपल्या ठाण्यात एकदा जाऊन तो फलक पाहावा. मला तशी खोड आहे, कामानिमित्त ठाण्यात गेलो की आधी भिंती वाचतो. काय काय वाचलं आणि काय वाचायला मिळालं नाही, ते ठाण्यांची नावं घेऊन इथे लिहीत नाही.

भिंत सोडून बाई टेबलापाशी जाते. ठाणे अंमलदार म्हणतो, “अटक नाही, चौकशीला आणलंय.” या एका वाक्यात सगळी गोम आहे. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ हे दोन शब्द आपण वर्तमानपत्रवाल्यांनीही इतके सैल वापरले, की वाचकाला त्यांत फरक वाटेनासा झाला. पोलिसाला मात्र फरक पक्का माहीत असतो. अटक दाखवली की घड्याळ सुरू होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहिला पाहिजे. ताब्यात असला तर वहीत काही नाही, फलकावर काही नाही, घड्याळही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात सांगितलंय, की माणसाला जाऊ दिलं जात नाही तिथेच अटक सुरू होते, कागदावर वेळ कधीची टाकली याने काही बदलत नाही. हे त्या टेबलापाशी उभ्या बाईला कुणी सांगायचं? विचारायचं ते इतकंच : “साहेब, डायरीला नोंद आहे का? असेल तर नंबर द्या.” ज्याने हे वाक्य पाठ केलंय, त्याच्याशी टेबलापलीकडचा आवाज थोडा बदलतो, हे मी पाहिलंय. आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा अटकेची गरजच नसते, कलम ३५ ची नोटीस देऊन सोडता येतं. तसं असेल तर नोटिशीची प्रत मागून घ्यायची आणि जपून ठेवायची. तो कागदही कामाचा असतो.

*

यानंतरचा सगळा प्रवास दोन आकड्यांवर चालतो. पहिला, गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. ठाणं, वर्ष आणि हा आकडा हातात आला, की फिर्याद सापडते. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला, की प्रथम खबर चोवीस तासांत पोलिसांच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर टाका. नेटवर्कची अडचण असेल तर मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना सूट, पण ती सूट उपअधीक्षकाच्या खालच्या माणसाने ठरवायची नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित प्रथम खबर’ अशी सोय आहे. जिल्हा निवडा, ठाणं निवडा, तारखा टाका.

सोपं वाटतं. करून पाहिलं की नाव कसं लिहायचं, इथेच पहिली ठेच लागते. आपल्या जिल्ह्याचे अर्धे तालुके रोमन लिपीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिले जातात. केजला कुणी ‘के’ लावतं कुणी ‘कै’, गेवराईत ‘व’ असतो किंवा ‘ओ’, वडवणी ‘डब्ल्यू’ने सुरू होते किंवा ‘व्ही’ने. माणसांची नावं त्याहून अवघड. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलेलं एकाच कुटुंबाच्या आधार कार्डांवर दिसतं. न्यायालयाच्या संगणकाला ज्ञानेश्वर एकच असतो, ज्या कारकुनाने ज्या दिवशी जसा टंकला तसा.

दुसरा आकडा सीएनआर. सोळा अक्षरांचा. पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेत, मग प्रकरणाचा क्रमांक, शेवटी वर्ष. देशातल्या कुठल्याही तालुका न्यायालयातल्या खटल्याला जन्मापासून निकालापर्यंत हा एकच आकडा चिकटलेला असतो. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपवर तो टाकला की पुढची पेशी, मागच्या पेशीला काय झालं, न्यायाधीश कोण, कलमं कोणती, आदेशाची प्रत, सगळं येतं. मराठवाड्यात तारखेला अजून पेशी म्हणतात, हैदराबादी अमलाचा तो शब्द मोबाइलच्या काळातही टिकून आहे. पूर्वी पेशी कळायला अंबाजोगाईला किंवा माजलगावला एसटीने जावं लागे, वकिलाच्या डायरीत डोकवावं लागे. आज तो हेलपाटा वाचला, आणि हे काम सरकारने खरोखर चांगलं केलं. वकिलावर अवलंबून राहणं सुटलं नाही, पण वकील ‘साहेब रजेवर होते’ म्हणाला तर ते खरं का, हे पक्षकाराला घरबसल्या कळू लागलं.

आकडा नसेल तर नावाने शोधता येतं. इथे मात्र जपून. बीड जिल्ह्यात एका आडनावाची, एका नावाची, कधी बापाचंही नाव तेच असलेली माणसं शेजारच्या दोन गावांत असतात. सोयरीक जुळवण्याआधी मुलाचं नाव टाकून ‘काही सापडतंय का’ बघणारे बाप मला माहीत आहेत. सापडलेला माणूस तोच आहे याची खात्री फक्त पूर्ण नाव, वय, गाव आणि फिर्यादीतला मजकूर जुळल्यावरच होते. तोवर ते फक्त एक नाव असतं. एक मोडलेली सोयरीक अशी आहे, की जिच्यातला ‘आरोपी’ दुसऱ्याच तालुक्यातला निघाला. मुलीचं लग्न तोवर दुसरीकडे लागलं होतं.

आणि काही नावं फिर्यादीत नसतातच. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचा बंगला पेटला, बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर पेटलं, संचारबंदी लागली. अशा दंगलीच्या फिर्यादीत मोजकी नावं आणि पुढे ‘व इतर अनोळखी इसम’ असतात. हा ‘इतर’ शब्द पुढे कितीतरी महिने उघडा राहतो. कॅमेऱ्यातले चेहरे ओळखले जातील तशी त्यात नावं पडत जातात. संकेतस्थळावरची फिर्याद तीच असते, पहिल्या दिवशीची. पुढे नाव जोडलं गेलं की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

*

मस्साजोगबद्दल लिहिल्याशिवाय या जिल्ह्यातल्या कागदांबद्दल लिहिता येणार नाही. ९ डिसेंबर २०२४ ला तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण आणि खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी, कंपनीच्या आवारात ६ डिसेंबरला झालेली मारहाण आणि हा खून, असे वेगवेगळे गुन्हे केज ठाण्यात नोंदले गेले. मागाहून सीआयडीने ते एका सूत्रात ओवले. त्या हिवाळ्यात ‘गु.र.नं.’ हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आला. कोणता गुन्हा कोणत्या तारखेला दाखल झाला, दोन तारखांमध्ये किती दिवस गेले, हे लोक आठवड्याच्या बाजारात बोटांवर मोजत होते. मोर्चे निघाले, त्यांची मागणीही शेवटी नोंदीचीच होती : नाव घाला, कलम लावा, अटक दाखवा.

२७ फेब्रुवारी २०२५ ला हजाराहून जास्त पानांचं दोषारोपपत्र बीडच्या विशेष न्यायालयात दाखल झालं. ३ मार्चला त्यातली खुनाच्या वेळची छायाचित्रं वाहिन्यांवर आणि मोबाइलवर आली. दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. आता कायदा काय म्हणतो? सौरव दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ ला निर्वाळा दिला होता, की दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते संकेतस्थळावर टाकण्याची सक्ती करता येणार नाही. त्याने आरोपीच्या, पीडिताच्या हक्कांवर गदा येईल. म्हणजे फिर्याद सगळ्यांची, दोषारोपपत्र मोजक्यांचं. जिल्ह्यात झालं नेमकं उलटं. फिर्यादीची प्रत शोधून वाचणारे थोडे, आणि जे कुणालाही दिसायला नको होतं ते शाळकरी पोरांच्या फोनात. त्या छायाचित्रांनी सत्ता हलली, हे खरं. त्यांच्याशिवाय ती हलली असती का, याचं उत्तर मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. पण देशमुखांच्या घरातल्या मुलांनी ती छायाचित्रं पाहिली असतील, या विचाराने मी तेव्हाही अस्वस्थ होतो, आताही आहे.

त्याच दिवसांत नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी एक बारीकसा बदल केला. पोलिसांच्या छातीवरच्या नावपट्टीतून आडनाव काढलं, फक्त पहिलं नाव ठेवलं. आडनावावरून जात आणि जातीवरून तपासाची दिशा लोक ठरवू लागले होते, म्हणून. डी. के. बसू निकालाला छातीवर नाव ठळक हवं होतं, बीडला त्यातलं अर्धं नाव झाकावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश पोलिसांना फिर्यादी आणि पंचनाम्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. ते वाचताना मला शिंदे समितीची ती यादी आठवली. हाच रकाना आमच्याकडे दिवा लावून शोधला गेला होता.

*

पडद्यावर जे दिसतं ते पाहायला चालतं. कुठे दाखवायचं असेल तर नक्कल लागते. बीडचं जिल्हा न्यायालय असो की तालुक्याचं, नक्कल विभाग ही तिथली सगळ्यांत प्रामाणिक जागा. तिथे कुणी भाषण करत नाही. अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट, प्रकरणाचा क्रमांक, कोणता कागद, किती प्रती. पक्षकाराला ती हक्काने मिळते. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट द्यावी लागते. तिऱ्हाइताला मात्र कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पत्रकार हा तिऱ्हाईतच.

‘माहिती अधिकारात टाका की’ असं सगळे सुचवतात. मराठवाड्यात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करण्याची चटक चांगलीच रुजलीय, आणि तिची किंमतही मोजली गेलीय. परळी तालुक्यातल्या वाघबेटच्या एका कार्यकर्त्याचा २०१० मध्ये जीव गेला. पण इथे तो रस्ता फारसा उपयोगाचा नाही. न्यायालयाच्या कागदांसाठी न्यायालयाच्या नियमांनीच अर्ज करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवून टाकलं. पोलिसांच्या कागदांसाठी अर्ज केला तर कलम आठ आडवं येतं : तपासात अडथळा.

कागद मिळो न मिळो, दार तर उघडं आहे. न्यायालय ही खुली जागा असते, कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं. याची लढाई महाराष्ट्रातच झाली. ‘ब्लिट्झ’च्या करंजियांवर बदनामीचा दावा चालू असताना एका साक्षीदाराची साक्ष छापू नका, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि नरेश श्रीधर मिरजकर या पत्रकाराने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी खुल्या न्यायालयाची थोरवी पानभर लिहिली आणि तो आदेश मात्र कायम ठेवला. वार्ताहर हरला, तत्त्व जिंकलं. हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. तरीही बाकावर जाऊन बसायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. आपण बसत नाही, एवढंच.

*

आता दवंडीबद्दल. गावात पूर्वी डफ वाजवून जी द्यायची ती दवंडी. अटकेची दवंडी आज आपोआप पिटली जाते. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येतं, मागे पोलीस, पुढे गुडघ्यावर बसवलेली पोरं, तोंडाला रुमाल किंवा तोही नाही. आठ वर्षांनी यांतले दोन निर्दोष सुटतात. त्या निकालाची दवंडी कुणी पिटत नाही. ज्या पानावर अटक छापली त्या पानावर सुटका छापल्याचं माझ्या नोकरीच्या काळात मला क्वचित आठवतं, आणि यात मी स्वतःलाही धरतो. आम्हाला अटकेचं प्रसिद्धिपत्रक ठाण्यातून आयतं येत असे. सुटकेचं कोण पाठवणार?

याची झळ कुणाला लागते ते बघायचं असेल तर पहाटे पाचला बीड-परळी रस्त्यावर उभं राहावं. भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. कोरडवाहू दोन एकर, कारखान्यावर गेलेले आई-बाप, आणि सुटकेची एकच वाट : पोलीस भरती. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं, की हातात साक्षांकन नमुना पडतो. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ गणपतीच्या मिरवणुकीतली हाणामारी, आंदोलनातला रास्ता रोको, भावकीच्या बांधावरचं भांडण ज्यात फिर्यादीने घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली. लिहावं तर भीती, न लिहावं तर लबाडी. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २१ जुलै २०१६ ला सांगितलं, की किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर नेमणूक करणाऱ्याने सारासार विचार करून ते पोटात घालावं. पण सांगणं खरंच हवं, आणि निर्दोष सुटला तरी विचार करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतोच. म्हणून माझा सल्ला एकच असतो : लिही, आणि निकालाची नक्कल जोड. पोरं विचारतात, “नक्कल कुठं मिळते?” खटला आपल्यावर होता, निकाल आपल्या नावाचा आहे, आणि तो कागद कधी हातात धरलेला नाही.

मग इंटरनेटवरून नाव पुसून टाकता येतं का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एकाला दिलासा देत त्याचा निकाल शोधयंत्रातून दिसू नये असा आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयानेही पुढे तसाच एक दिला, पण त्याला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. प्रश्न तिथे अडकून आहे. अमेरिकेत तर कोठडीत काढलेली छायाचित्रं सार्वजनिक, ती गोळा करून मांडणाऱ्या आणि ‘काढायची तर पैसे टाका’ म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या. कॅलिफोर्नियाला २०१४ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे अजून तो धंदा नाही. पण ‘बातमी डिलीट करतो’ म्हणून पैसे घेणारे यूट्यूब-पत्रकार कोणत्या तालुक्याला नाहीत?

सगळ्यांत जुनी दवंडी मात्र पारध्यांची. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातच्या जमात जन्मानेच गुन्हेगार ठरायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सवय गेली नाही. आष्टी-पाटोद्याकडे कुठे घरफोडी झाली की पहिली जीप पालांकडे वळते, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात बजावलं, की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा आतला कागद आहे, तो जाहीर करायचा नाही, आणि मागास जमातींतला जन्म एवढ्या भांडवलावर त्यात कुणाचं नाव घालायचं नाही. या नोंदीची नक्कल मागायला कुठला विभाग नाही. ती कुठे दिसत नाही, आणि तिच्यातून सुटकाही होत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला पुढारी. ज्याचं गुन्हेगारी दप्तर दहा मिनिटांत, फुकट, घरबसल्या वाचता येतं असा या जिल्ह्यातला एकमेव वर्ग म्हणजे निवडणुकीचा उमेदवार. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून प्रलंबित गुन्ह्यांची यादी शपथपत्रात देणं भाग आहे : ठाणं, गु.र.नं., कलमं, न्यायालय, दोषारोप ठेवले का. २०१८ पासून ती वर्तमानपत्रात तीनदा छापावी लागते. बारीक टाइपात छापतात, पण छापतात. लोक वाचून मत देतात का, हा वेगळा विषय. उघडी नोंदही लोक मनावर घेतातच असं नाही. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांचं गर्भपात प्रकरण २०१२ मध्ये देशभर गाजलं, २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि २०२० मध्ये तेच गृहस्थ परळीजवळ पुन्हा बेकायदा दवाखाना चालवताना सापडले. तिथे रुग्ण येत होते. निकाल कुणापासून लपलेला नव्हता.

*

त्या धारूरच्या बाईकडे परत जाऊ. दुपारी तिचा मुलगा न्यायालयात उभा केला जातो. पोलीस कोठडी मागत नाहीत, न्यायालयीन कोठडी होते. वकील करायला पैसे नाहीत, पण कुणीतरी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फुकटचा वकील असतो असं सांगतं, १५१०० हा नंबर देतं. तो वकील तरुण आहे, घाईत आहे, पण एक काम नीट करतो. एका चिठ्ठीवर ठाण्याचं नाव, गु.र.नं. आणि पुढची पेशी लिहून देतो. चौदा दिवसांनंतरची.

चौदा दिवसांनी ती सांगलीकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात, उसाच्या फडात असणार. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, आणि ती गेली नाही तर फसवणुकीची फिर्याद तिच्यावरही होऊ शकते. मुलगा जामिनावर सुटला तर तोही फडावर जाईल. एप्रिलपर्यंत चार-पाच पेश्या होतील. गावच्या पत्त्यावर समन्स येईल, घराला कुलूप असेल, समन्स बजावणारा तसा शेरा मारेल, आणि पुढच्या पेशीला अजामीनपात्र वॉरंट निघेल. मग तो कागदोपत्री ‘फरार’. जिल्ह्यात अशा फरारांचे पत्ते सगळ्यांना पाठ असतात. कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या गट ऑफिसच्या, कोणत्या फडात ते आहेत, हे मुकादमाच्या वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. न्यायालय ती वही मागत नाही.

तिने चिठ्ठी लुगड्याच्या पदराला बांधली होती. धाकट्या मुलीने ती सोडवून घेतली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि टोळीतल्या दहावी झालेल्या एका पोराला पाठवला. त्याच्या फोनात ते ई-कोर्टाचं अ‍ॅप आहे म्हणे. पेशीच्या आदल्या रात्री तो नंबर टाकून बघणार आहे, फडात रेंज असली तर.